कोप्यांवरची भाऊबीज

आजच्या या सोहळ्याच्या अध्यक्षा, आपल्या बोरमाळच्या सरपंच उत्कर्षाताई. व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, माजी सैनिक संघटनेचे धनाजीराव. एवढ्या लांबून, मदुराईहून, सोनं-चांदी गाळायचं आपलं गलाईचं दुकान बंद ठेवून आलेले गावचे जावई विश्वजितराव आणि आपली लेक शिवांजली. वडीलधारी मंडळी, बचत गटातल्या माझ्या सख्यांनो, सतरंजीवर शिस्तीत बसलेल्या, निदान आत्तापर्यंत तरी शिस्तीत बसलेल्या बालगोपाळांनो. आणि जिच्यासाठी आपण ज्योतिबाच्या या मंडपात जमलो आहोत ती आपली सत्कारमूर्ती, श्रीमती शालूबाई, म्हणजे आपणा सर्वांच्या शालूवहिनी. सगळ्यांना माझा नमस्कार.

मी संयोगिता. बरीच वर्षं इथल्या प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांचे कान मी धरलेले आहेत. माइक हातात आला म्हणून आज कुणी घाबरू नये. शालूवहिनींच्या आणि आमच्या घरामध्ये एक भिंत आहे, तीही कमरेएवढी. भावकी आमची नाही, आडनाव वेगळं. पण त्या भिंतीवरून आजवर किती वाट्या, किती सुखं आणि किती दुःखं इकडून तिकडे गेली त्याला गणती नाही. म्हणून दोन शब्द मी बोलावेत असं ठरलं. वहिनी काल मला म्हणाल्या, "बोल, पर मला देव्हाऱ्यात बशिवू नकोस." वहिनी, नाही बसवणार. फक्त जे घडलं ते सांगते. आपल्या नवीन सुनांना ते अर्धंमुर्धंच ठाऊक आहे, आणि अर्धवट गोष्टीचं पुढे भलतंच काहीतरी होतं.

आपल्या गावाबाहेरच्या लोकांना बोरमाळची दिवाळी म्हटलं की ऊसतोड्यांची भाऊबीज आठवते. ही रीत काही पूर्वापार चालत आलेली नव्हे. ती सुरू कशी झाली?

नाथाजी सुभेदार, म्हणजे वहिनींचे यजमान, फौजेतून निवृत्त होऊन आले त्या वर्षीची पहिलीच दिवाळी. भाऊबीजेचा दिवस. सगळ्या गावात आरत्या ओवाळल्या जात होत्या, आणि हा माणूस एकटाच रानाकडे चालला होता. का? कारण त्यांना सख्खी, चुलत, कुठलीच बहीण नव्हती. फौजेत असताना त्याचं काही वाटलं नाही, तिथे सगळेच एकटे. घरी आल्यावर मात्र त्या दिवशी त्यांना दारात उभं राहवेना.

ओढ्यापलीकडच्या पडीक रानात जत भागातून आलेली ऊसतोड्यांची टोळी उतरली होती. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. दिवस मावळत होता. एका कोपीपुढे एक तरुण बाई जर्मनच्या ताटलीत दिवा घेऊन पश्चिमेकडे तोंड करून उभी होती आणि बिजेच्या चंद्राला ओवाळत होती. हा रिवाज आपल्या बायकांना माहीत आहे. जिला भाऊ नाही तिचा भाऊ चंद्र.

सुभेदार थांबले. म्हणाले, "का गं बाई, भाऊ न्हाई व्हय तुला?"

ती म्हणाली, "हायती की. तीन हायती. पर एक कर्नाटकात तोडायला गेलाय, दोन मेंढरामागं हायती. कोण येतंय हितं?"

"आन् मला भईन न्हाई," सुभेदार म्हणाले, आणि मोळी बांधून ठेवली होती तिच्यावर चक्क बसले. "ओवाळ."

ती बाई म्हणजे धोंडुबाई. आधी घाबरली. एवढा मिशीवाला, टोपी घातलेला बागायतदार माणूस मोळीवर येऊन बसतो म्हणजे काय? तिचा नवरा केरबा कोपीतून बाहेर आला, तोही बघतच राहिला. शेवटी धोंडुबाईने ओवाळलं. आता ओवाळणी टाकायची तर सुभेदारांच्या खिशात तंबाखूची डबीसुद्धा नव्हती, कारण ती वहिनींनी फेकून दिली होती. ते उठले, तडक घरी आले, कपाट उघडलं, वरचीच एक साडी उचलली आणि नेऊन तिच्या हातात ठेवली.

ती वरचीच साडी म्हणजे शालूवहिनींची दिवाळीची, घडीसुद्धा न मोडलेली, मोरपंखी.

हसा, हसा. त्या दिवशी आमच्या भिंतीपलीकडे जे झालं ते ऐकायला आम्ही सगळे उभे होतो. वहिनी म्हणत होत्या, "आवं, द्यायची तर जुनी द्यायची की!" आणि सुभेदारांचं एकच उत्तर, "भईनीला जुनी देत्यात व्हय?" वहिनींचा राग काही उतरेना. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "चल गं संयोगिता, माझी साडी कुणाच्या अंगावर हाय ती तरी बघून यिऊ." आम्ही दोघी गेलो. धोंडुबाईने ती साडी नेसलीच नव्हती. कोपीत एका डब्यावर घडी तशीच ठेवून तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं होतं. शेजारी तिची दोन लेकरं बसलेली, अंगावर उसाच्या पाल्याचे ओरखडे आणि डोक्याला दिवाळीचं तेल नाही.

 परत येताना वहिनी ओढ्याशी थांबल्या आणि म्हणाल्या, "फुडल्या वर्षी ह्या समद्या पोरींस्नी आपल्या अंगणात आंघोळ घालायची. ऊन पान्यानं. उटणं लावून."

आणि घातली. पुढच्या नरकचतुर्दशीला पहाटे वहिनींच्या परसात तीन चुलवणं पेटली होती. टोळीतल्या बायका लाजत लाजत आल्या. वहिनींनी स्वतः एकेकीच्या पाठीला तेल लावलं. त्यातली एक म्हातारी रडायला लागली. का रडतेस विचारलं तर म्हणाली, "आय मेल्यापास्नं पाठीला कुनाचा हात लागला न्हवता." त्यानंतर मग एकीने पाहून दुसरीने, असं करत सगळ्या गावाने ते अंगावर घेतलं. घराघरातून फराळाची दुरडी निघू लागली. कानवले, कडबोळी, लाडू, जे घरात केलं तेच, तळाचं मोडकं नव्हे. भाऊबीजेला कोप्यांपुढे ओळीने पाट मांडले जात आणि आपले पुरुष त्यावर बसत. सगळ्यात पहिला पाट सुभेदारांचा, त्यांना ओवाळायचा मान धोंडुबाईचा. ती टोळी त्यानंतर दरवर्षी बोरमाळलाच यायची. मुकादम बदलले, धोंडुबाई नाही बदलली. ती वहिनींना 'अक्का' म्हणायची आणि सुभेदारांना 'आण्णा'.

आता जयराज.

मंडळी, इथवरचं मी हसत सांगितलं. पुढचं कसं सांगावं यावर काल बराच वेळ विचार केला. शिवांजली, तू मला म्हणालीस, "बाई, सगळं सांगा. आईसमोर कुणी त्याचं नावच घेत नाही, तिला तेच सोसत नाही." म्हणून घेते त्याचं नाव.

जयराज, वहिनींचा धाकटा. माझ्या हाताखाली पहिलीपासून चौथीपर्यंत शिकला. अक्षर वाईट, मन सोन्याचं. वडिलांमागून फौजेत गेला. सुट्टी मिळवायची तर दिवाळीचीच, यासाठी म्हणे तो वर्षभर सगळ्यांच्या ड्यूट्या करायचा. आल्यावर घरी पिशवी टेकवली की आधी कोप्यांवर. धोंडुबाईला तो आत्ती म्हणायचा. एका वर्षी तिच्यासाठी त्याने वरच्या थंड मुलखातून लोकरीची शाल आणली होती. धोंडुबाईच्या माहेरी मेंढरं. शाल हातात घेऊन बघितली, लोकर चिमटीत धरली आणि म्हणाली, "भाच्या, फशिवलं रं तुला. हे मेंढरू न्हवं." किती हसला होता तो! आणि तरी ती शाल तिने उन्हाळ्यातसुद्धा सोडली नाही.

चार वर्षांपूर्वीची वसुबारस. जयराज कराडला रेल्वेतून उतरला, मित्राची मोटारसायकल घेतली आणि गावाकडे निघाला. आईला फोन केला, "आये, गाईला नैवेद्य दाखीव, मी आलोच." दिवेलागणीची वेळ. आपल्या फाट्याच्या अलीकडच्या वळणावर उसाने भरलेली एक ट्रॉली चाक पंक्चर होऊन उभी होती. तिच्या मागे ना लाल दिवा, ना रेडियम. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ड्रायव्हर मागे दगड लावून, डोक्याचं मुंडासं सोडून येणाऱ्या गाड्यांना हलवत उभा होता. समोरून एक मोठी गाडी आली, तिच्या उजेडात जयराजला ना मुंडासं दिसलं, ना ट्रॉली.

तो ड्रायव्हर होता केरबा. धोंडुबाईचा नवरा, अलीकडे ट्रॅक्टर चालवायला लागलेला.

जयराजला मांडीवर घेऊन केरबा रस्त्यात बसून राहिला होता. लोक जमले तेव्हा तोच ओरडून सांगत होता, "माझा भाचा हाय ह्यो, कुनीतरी गाडी आना." गाडी आली, पण त्याचा उपयोग राहिला नव्हता.

त्या दिवाळीत बोरमाळमध्ये पणती लागली नाही. ते साहजिकच होतं. पण दुःखाच्या मागून राग येतो, आणि राग नेहमी जवळच्या, गरिबाच्या दारात जाऊन उभा राहतो. गावातली तरुण पोरं चौकात जमली. केरबाला पोलिसांनी नेलं होतं, तर मग कोप्या पेटवा म्हणाली. मोठ्या माणसांनी तेवढं आवरलं. पण त्याच मोठ्या माणसांनी ठरवलं, यंदा कोप्यांवर फराळ जायचा नाही, पाट मांडायचे नाहीत. ट्रॉली कुणाची होती, तिला रेडियम का नव्हतं, हे त्या दिवशी चौकात कुणी विचारलं नाही. मालक आपल्यातलेच. ते आत्ता इथे बसले आहेत, मी नाव घेणार नाही. त्यांनी ते पुढे स्वतःहून सुभेदारांपुढे कबूल केलं, आणि आज गावात सगळ्यांत आधी त्यांच्याच ट्रॉल्यांना रेडियम लागतं, हे मी तितक्याच आदराने सांगते.

तर लक्ष्मीपूजनाचा दिवस. सावडायचं उरकलं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे कोरडे. मी चहाचा कप घेऊन गेले. जे कानावर आलं होतं ते बोलून गेले. म्हटलं, "वहिनी, कोप्यांवर चूल पेटलेली नाही म्हणतात. बायका भीतीने बाहेर येत नाहीत. लेकरं रडतायत."

 वहिनी उठल्या. फळीवरची मोठी दुरडी काढली आणि चालू लागल्या.

मंडळी, आपल्यात सुतकातली बाई घराबाहेर पडते का? आणि ती तर पोटचं पोर गेलेली आई. पण वहिनी बाहेर पडल्या. कुणाचाही उंबरा शिवल्या नाहीत. वरच्या आळीपासून सुरुवात केली. प्रत्येक दारापुढे, अंगणाच्या बाहेर, रस्त्यात उभ्या राहायच्या, दुरडी खाली ठेवायच्या आणि चार पावलं मागे सरायच्या. एवढंच. हाक नाही, शब्द नाही. पहिल्या दारातली बाई बाहेर आली, तिने पाहिलं आणि तोंडात पदर कोंबून आत पळाली. आली ती लाडवाचा अख्खा डबा घेऊन. मग दुसरं दार, तिसरं. दुरडी भरली की मी उचलायचे, दुसरी ठेवायचे. चौकात ती पोरं बसली होती. वहिनींनी त्यांच्यापुढेही दुरडी ठेवली. एकाने, पप्पूने, मान खाली घालून विचारलं, "काकी, त्यांनी आपला जया मारला, आन् तुमी त्यांस्नी…"

तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "जया माझा गेला का तुझा? माझा ना? मग मला ठरवू दे. त्या लेकरांनी काय केलंय?"

पप्पू उठला, घरी गेला आणि आईने केलेला सगळा चिवडा परातीसकट घेऊन आला.

पण ऐका. इथे वहिनींना देव्हाऱ्यात बसवायचा मोह होतो, पण तसं करू नकोस असं त्यांनी मला बजावून ठेवलं आहे. दुरड्या भरल्यावर त्या ओढ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "तू जा. मला न्हाई धोंडुबाईचं तोंड बघवायचं." मी गेले. धोंडुबाईने दुरडी घेतली नाही, माझे पाय धरले. "अक्काला सांगा," एवढंच म्हणाली. काय सांगा, ते तिलाही सांगता येईना, मलाही विचारता येईना. भाऊबीजेच्या आतच मुकादमाने ती टोळी हलवली. पुढच्या वर्षी ती आली नाही. केरबावर खटला चालला. सुभेदारांनी कोर्टात उभं राहून जे होतं ते सांगितलं, की गाडी पंक्चर होती, माणूस शुद्धीवर होता, इशारा करत होता. केरबा सुटला, पण त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. मेंढरं राखू लागला, असं कानावर आलं.

सुभेदारांचं काय झालं? ते बोलायचेच कमी. दसरा झाला की खुर्ची घेऊन फाट्यावर बसायचे. जाईल त्या ट्रॉलीला थांबवायचे, मागे लाल रेडियम चिकटवायचे, ड्रायव्हरच्या हातावर एक लाडू ठेवायचे आणि "जाव" म्हणायचे. पहिल्या वर्षी लोक चिडले, दुसऱ्या वर्षी स्वतःहून थांबू लागले. मग तुम्हीच दिवाळीच्या फटाक्याचे पैसे रेडियमला द्यायला लागलात. हा आपल्या गावचा दानधर्म. दुसऱ्या गावात भिंतीवर दात्यांची नावं असतात. आपल्या दात्यांची नावं कुठेच नाहीत, ट्रॉलीच्या मागे नुसतं लाल चमकतं.

आणि भाऊबीजेला? कोप्यांवर नवी टोळी असायची, नव्या बायका असायच्या. पाट मांडले जायचे. सुभेदार आपल्या पहिल्या पाटावर बसायचे. नव्या टोळीतली कुणी ताट घेऊन पुढे आली तर म्हणायचे, "तू त्या फुडच्याला ओवाळ पोरी. माझी भईन यायची हाय." सगळ्यांचं ओवाळून व्हायचं, बायका आत जायच्या, हा माणूस बसलेलाच. अंधार पडला की वहिनी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावायच्या, "उठा आता." ते उठायचे. असं तीनदा झालं. निरोप का धाडला नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, "भईनीला बोलवाया लागतं व्हय? तिला वाटंल तवा यील. बोलावलं तर तिला वाटंल, जाब इचाराया बोलावलंय."

या चैत्रात सुभेदार गेले. दुपारी जेवून कलंडले, ते उठलेच नाहीत.

तेराव्याच्या दिवशी पंगती उठल्या होत्या. आम्ही बायका अंगणात भांडी आवरत होतो. फाटकाशी एक बाई उभी दिसली. उन्हाने करपलेली, केस पांढरे, अंगावर चैत्राच्या उन्हात ती शाल. मी ओळखलं, वहिनींनीही ओळखलं.  धोंडुबाई पुढेही येईना, मागेही जाईना.

वहिनी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. विचारलं, "आता आलीस?"

"अक्का, काल कळलं. बाजारात."

"तीन वरसं का आली न्हाईस?"

"कुठल्या तोंडानं यिऊ, अक्का? तुमचा ल्योक आमच्या…"

"तोंडाचं काय घिऊन बसलीस!" वहिनींचा आवाज मी कधी एवढा चढलेला ऐकला नव्हता. "तुझा आण्णा पाटावर बसायचा गं. अंधार पडंस्तवर बसायचा. भईन यायची हाय म्हणायचा. मी उठवून आणायची त्याला. मी! माझा ल्योक गेल्याला, आन् मीच त्याला उठवायची!" आणि वहिनींनी तिला मारलं. हो, मारलं. खांद्यावर, दंडावर, मिळेल तिथे, दोन्ही हातांनी. धोंडुबाईने हात वर केला नाही. मार खात खात ती तिथेच मातीत बसली आणि तिने जो हंबरडा फोडला, "आण्णाऽ" म्हणून, तो मला अजून ऐकू येतो. मारता मारता वहिनीही तिच्यापुढे बसल्या. जयराज गेला तेव्हा न आलेलं त्यांचं रडू त्या दिवशी, साडेतीन वर्षांनी, त्या बाईच्या खांद्यावर आलं. कुणी मध्ये पडलं नाही. शिवांजलीने दाराशी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला आणि ती लांब जाऊन उभी राहिली.

त्यानंतर त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी इथे सांगितलं नसतं.

आता आजचं. वहिनी लेकीकडे चालल्या आहेत. काहीजण मला विचारतात, गावाने एवढा जीव लावला, मग का जातायत? अहो, त्यांच्या घरापुढचा रस्ता कारखान्याचा. हंगाम सुरू झाला की दिवसरात्र ट्रॉल्या. प्रत्येक ट्रॉली फाट्याच्या वळणावर गिअर बदलते. आपल्याला तो आवाज ऐकूही येत नाही. वहिनी मात्र तेव्हा हातातलं काम थांबवतात, ट्रॉली पुढे निघून जाईपर्यंत. मी भिंतीवरून चार वर्षं बघतेय. सुभेदार होते तोवर दोघं मिळून ते सोसत होते. एकटीने किती सोसायचं? मदुराईला ऊस दिसणार नाही, असं विश्वजितराव म्हणाले. मनात म्हटलं, जावईबापू, ऊस तिकडेही असेल, पण ते वळण नसेल. तेवढं पुरे. म्हणून मी आज "थांबा" म्हणणार नाही. दिवाळीच्या तोंडावर माणसं घराकडे येतात आणि आमची शेजारीण घर सोडून चालली आहे. डोळ्यांत पाणी येतं, पण अडवणार नाही.

वहिनी, आज तुम्हाला शाल, श्रीफळ आणि लुगडं दिलं. ते तुम्ही घेतलंत, उपकार झाले. फराळाची, आंघोळीची आणि रेडियमची जबाबदारी बचत गटाने आणि त्या चौकातल्या पोरांनी उचलली आहे. फाट्यावर खुर्ची टाकायला पप्पू आजपासूनच बसतोय, म्हणून तो इथे दिसत नाही. त्याला गैरहजर लावू नये.

आता शेवटची एक गोष्ट, आणि मी थांबते. ही सांगायची की नाही यावर वहिनींचं आणि माझं सकाळी भांडण झालं. मग त्याच म्हणाल्या, "सांग, पर म्या सांगितलं तसं सांग."

यंदाच्या टोळीचा ट्रक काल उतरला. त्यात धोंडुबाई आहे. वहिनींनी मुकादमाकरवी तिला निरोप धाडला होता. आज सकाळी ती वहिनींच्या अंगणात आली. तिच्या मागे, फाटकाच्या बाहेर, मान खाली घालून केरबा उभा होता. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने गावात पाय ठेवला. वहिनींनी घराची किल्ली धोंडुबाईच्या हातात दिली. म्हणाल्या, "हंगामभर हितंच ऱ्हावा. न्हाणीघर हाय, लाईट हाय. कोपी बांधू नगा."

धोंडुबाईने किल्ली परत पुढे केली. "अक्का, ह्या घरात? आमी?"

"मग घर काय कुलूप लावून ठिवू?"

मला राहवेना. मी भिंतीवरून म्हणाले, "वहिनी, केवढं हे मन!" त्यावर त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे सांगते. "मन बिन काय न्हाई. आज भाषणात म्या माफ केलं आसं म्हणू नकोस. माफ झाल्यालं न्हाई. त्या केरबाकडं मला आजून बघवत न्हाई. त्यानं काय केलं न्हाई, ह्ये मला कळतंय, तरी बघवत न्हाई. पर दिवाळीला माझ्या दारात अंधार नको. कुनीतरी दिवा लावाया पायजे. माझ्या घरचं आता कोन उरलंय हितं?"

असं म्हणून त्या आत गेल्या आणि त्यांनी आपली पिशवी भरायला घेतली.

अध्यक्ष महोदया, आपण वेळेचं बंधन न घालता बोलू दिलंत, धनाजीराव, आपण एवढ्या लांबून आलात, ज्योतिबा देवस्थानने मंडप दिला, गटातल्या मुलींनी पहाटेपासून राबून प्रसाद केला, त्या सर्वांचे बोरमाळकरांच्या वतीने मनापासून आभार. बोलताना जे सांगायला नको होतं ते सांगितलं गेलं असेल, ज्यांचं नाव घ्यायला हवं ते राहिलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मास्तरणीची जीभ म्हणून पोटात घाला. आवाज दोनतीनदा फुटला, त्याबद्दलही माफी असावी.

वहिनी, धोंडुबाईला मी इथे यायला सांगितलं होतं. ती आली नाही. म्हणाली, आधी घर धुवून घेते. गाडी निघाली की तुमच्या दारावरूनच जाईल. दार उघडं असेल, आत माणसं असतील. बघवलं तर बघा. नाही बघवलं, तर शिवांजलीच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून घ्या. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही.